जुना संगणक काचेआड नको, चालता हवा

१/ आजचा धागा लांब आहे आणि त्यात माझे एक ठाम मत आहे. भारतात आराखडा आखून भारतातच बांधलेला पहिला मोठा इलेक्ट्रॉनिक संगणक म्हणजे मुंबईचा ‘टिफ्रॅक’. हा संगणक पुन्हा बांधला जावा, आणि संग्रहालयात लोकांसमोर चालवून दाखवला जावा. त्याचा एखादा तुकडा काचेच्या पेटीत ठेवून आणि खाली पाटी लावून भागणार नाही. या कामाची पहिली वीट नागपुरात बसवता येईल, असे धरमपेठेत राहणाऱ्या मला वाटते. का, ते क्रमाने मांडतो.

२/ आधी शब्दाकडे पाहू. ‘कॉम्प्युटर’ हे मुळात माणसाच्या हुद्द्याचे नाव होते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणात राधानाथ सिकदार १८३१ साली ‘कॉम्प्युटर’ म्हणून, म्हणजे गणक म्हणून, रुजू झाले. हे सर्वेक्षण सुरू करणारे विल्यम लॅम्बटन यांचा १८२३ साली मृत्यू झाला तो आपल्या हिंगणघाटला, नागपूरकडे येताना. नागपूरच्या झीरो माइलजवळ १९०७ सालचा त्याच सर्वेक्षणाचा दगड आहे. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचे असे आकडे माणसांनी हाताने, कागदावर, पुन्हापुन्हा ताडून काढलेले असत. गणित हे आधी श्रम होते. यंत्राने नेमके कोणते श्रम उचलले, हे समजून घेतल्याशिवाय संगणकाचा इतिहास कळत नाही.

३/ आता थेट मँचेस्टरला जाऊ. पुनर्बांधणी म्हणजे काय, याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण तिथे आहे. गणकयंत्रे पूर्वीही होती. मात्र आकडे आणि आज्ञावली दोन्ही एकाच इलेक्ट्रॉनिक स्मृतीत साठवून काम करणारे पहिले यंत्र मँचेस्टर विद्यापीठात २१ जून १९४८ रोजी चालले. फ्रेडी विल्यम्स, टॉम किलबर्न आणि जेफ टूटिल हे त्याचे कर्ते. यंत्राचे लाडके नाव ‘बेबी’. वजन मात्र सुमारे एक टन!

४/ बेबीने पहिल्या दिवशी काय केले? २,६२,१४४ या संख्येचा, ती संख्या स्वतः सोडून, सर्वांत मोठा विभाजक शोधला. पद्धत साधी होती: २,६२,१४३ने भाग जातो का पाहा, नाही गेला तर २,६२,१४२ने पाहा, आणि असेच खाली उतरत जा. या यंत्राला भागाकार येत नव्हता. बेरीजसुद्धा थेट येत नव्हती. वजाबाकी आणि चिन्ह उलटे करणे, एवढेच त्याचे अंकगणित. म्हणून प्रत्येक भागाकार वजाबाक्या करकरून व्हायचा. १७ आज्ञांची ही आज्ञावली ५२ मिनिटे चालली, सुमारे ३५ लाख क्रिया झाल्या आणि उत्तर आले १,३१,०७२.

५/ हे उत्तर शाळकरी मुलगाही तोंडी देईल: संख्येचे निम्मे करा. मग ५२ मिनिटांचा खटाटोप कशासाठी? कारण परीक्षा गणिताची नव्हती, यंत्राच्या स्मृतीची होती. लाखो क्रिया होईपर्यंत एकही ठिपका विसरला जाणार नाही ना, हे पाहायचे होते. आणि त्यासाठी उत्तर आधीपासून माहीत असणे सोयीचेच होते. पाठ्यपुस्तकात ‘१९४८ : पहिला संगणक’ अशी एक ओळ येते. त्या ओळीत ही धाकधूक उतरत नाही.

६/ ती स्मृती तरी केवढी? ३२ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ बिटे. एकूण १,०२४ बिटे, म्हणजे १२८ बाइट. आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे एक चिन्ह तीन बाइट घेते. म्हणजे बेबीच्या अख्ख्या स्मृतीत मराठीची ४२ चिन्हे मावली असती. काना, मात्रा, वेलांटी हीही स्वतंत्र चिन्हे धरली जातात, तेव्हा या धाग्याचे शीर्षक लिहितानाच जागा संपत आली असती!

७/ मूळ बेबी टिकली नाही. पन्नासाव्या वर्षाच्या निमित्ताने ख्रिस्टोफर बर्टन यांच्या नेतृत्वाखाली ती १९९८ साली पुन्हा बांधली गेली. ही प्रतिकृती मँचेस्टरच्या विज्ञान संग्रहालयात आहे आणि स्वयंसेवक ती लोकांसमोर चालवतात. कॅथोड किरण नळीच्या पडद्यावर ३२ ओळींत ठिपके आणि रेघा दिसतात: ठिपका म्हणजे शून्य, रेघ म्हणजे एक. प्रेक्षक डोळ्यांनी संगणकाची स्मृती पाहतो. आपल्या खिशातल्या फोनमध्ये हेच अब्जावधी वेळा घडते, पण त्यातले काहीही आपल्याला दिसत नाही. प्रात्यक्षिकाचे मोल इथे आहे.

८/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने याहून महत्त्वाची एक गोष्ट ध्यानात घ्यावी: पुनर्बांधणी हे संशोधन असते. बेबीच्या पहिल्या आज्ञावलीचा तंतोतंत मजकूर हाती नव्हता. टूटिल यांच्या वहीत जुलै १९४८मधली सुधारित आवृत्ती उतरलेली होती. तिच्यावरून मागे जात मूळ आज्ञावली ठरवावी लागली. वही, छायाचित्र, साक्षीदाराची आठवण आणि शेवटी प्रत्यक्ष यंत्र यांचा मेळ बसला पाहिजे. बखर आणि अस्सल कागद ताडून पाहणाऱ्याला ही रीत परकी वाटणार नाही. फरक इतकाच, की इथे अर्थ चुकीचा लावला तर यंत्र चालतच नाही. एवढा कठोर परीक्षक इतिहासकाराला क्वचितच मिळतो.

९/ दुसरे उदाहरण ‘कोलोसस’चे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी इंग्लंडमधील ब्लेचली पार्क येथे ही यंत्रे चालली. युद्धानंतर बहुतेक यंत्रे मोडली गेली, पुढे आराखडेही जाळले गेले आणि कित्येक वर्षे त्यांच्याविषयी उघड बोलण्याला बंदी होती. टोनी सेल यांनी १९९३ साली पुनर्बांधणी हाती घेतली तेव्हा हाताशी होती १९४५मधली आठ छायाचित्रे आणि जुन्या अभियंत्यांनी जवळ जपलेले काही कागद. २००७ साली यंत्र पूर्णत्वाला गेले. ज्या यंत्राचे अस्तित्वच पुसून टाकण्याचा हुकूम निघाला होता, ते आज लोकांसमोर धडधडत उभे आहे.

१०/ तिसरे उदाहरण केंब्रिजच्या ‘एडसॅक’चे, जो १९४९ साली चालू झाला. त्याची पुनर्बांधणी सुरू असल्याची वार्ता पसरली आणि २०१४ साली एका जुन्या अभियंत्याने घरी जपलेली १९ मूळ रेखाचित्रे पुढे आणली. ती कधीकाळी फेकून दिली जात होती, म्हणून त्याने उचलून ठेवली होती. इथे कार्यकारण नीट पाहा. आधी कागद सापडले आणि मग यंत्र बांधले, असे झालेले नाही. यंत्र बांधायला घेतले म्हणून कागद बाहेर आले. आपल्याकडे ‘साधनेच उपलब्ध नाहीत’ असे म्हणून जो विषय मिटवला जातो, त्याला हे उत्तर आहे.

११/ आता घरी येऊ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या गटाने आधी एक प्रायोगिक संगणक बांधला. तो १९५६च्या अखेरीस चालू झाला. गटातील बहुतेकांनी तोवर संगणक हाताळलेलाच नव्हता. पुढे पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले आणि फेब्रुवारी १९६०मध्ये कामाला लागले. त्यानंतर अवघ्या काही आठवड्यांनी, १ मे रोजी, महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. म्हणजे हा संगणक आपल्या राज्याहून थोडा वडीलच! १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले.

१२/ टिफ्रॅकचे आकडे सावकाश वाचा: २,७०० व्हॉल्व्ह, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक. पोलादी सांगाडा १८ फूट लांब, अडीच फूट रुंद, ८ फूट उंच. स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द, म्हणजे ८१,९२० बिटे. ही स्मृती फेराइटची होती. प्रत्येक बिटासाठी एक चिमुकली चुंबकीय कडी, साधारण मोहरीच्या दाण्याएवढी. आणि प्रत्येक कडीतून ओवलेल्या बारीक तारा. गजरा ओवणाऱ्या हातांनाच कळेल असे हे काम. इतके करून एकूण स्मृती झाली १० किलोबाइट. तुमच्या फोनमधले साधे छायाचित्रही तिच्यात मावणार नाही.

१३/ या कड्यांचा एक गुण विलक्षण आहे. कडीचे चुंबकत्व एका दिशेला असेल तर शून्य, उलट दिशेला असेल तर एक. मात्र कडीत काय आहे ते वाचायला गेले की तिच्यातला मजकूर पुसला जातो. म्हणून यंत्राला प्रत्येक वाचनानंतर तोच मजकूर तिथे लगेच पुन्हा लिहावा लागतो. वाचन आणि पुनर्लेखन मिळून एक फेरी पूर्ण होते. हे वाचून समजते; पण समोर एक कडी, तीन तारा आणि एक मोजयंत्र ठेवून कोणी दाखवले, तर जन्मभर विसरत नाही.

१४/ आता एक हिशेब करू. समजा, एक व्हॉल्व्ह सरासरी १०,००० तास टिकतो. एकट्या व्हॉल्व्हसाठी हे आयुष्य उत्तम. पण २,७०० व्हॉल्व्ह एकत्र चालू असतील, तर सरासरीने दर पावणेचार तासांनी त्यांतला एखादा मान टाकणार. तो नेमका कोणता, हे शोधून बदलायचे आणि अर्धवट राहिलेले गणित पुन्हा सुरू करायचे. म्हणजे त्या काळी संगणक ‘असणे’ याचा अर्थ तो रोज चालता ठेवणारी माणसे असणे. आपल्या इतिहासलेखनात यंत्राचे नाव येते, क्वचित प्रमुखाचे येते. यंत्र जिवंत ठेवणारे हात येत नाहीत. चालते यंत्र त्या हातांची आठवण करून देते, कारण प्रेक्षकांदेखत तेही बिघडते.

१५/ पुढे काय झाले? टाटा संस्थेत १९६४ साली अमेरिकेहून सीडीसी-३६०० हा कितीतरी वेगवान संगणक आला. व्हॉल्व्हचे युग संपले होते आणि टिफ्रॅकचे आयुष्यही. गटातील पी. व्ही. एस. राव यांनी २००८ साली ‘रेझोनन्स’ नियतकालिकात या यंत्राचा वृत्तान्त लिहिला. नरसिंहन त्याआधीच, २००७ साली गेले होते. ज्यांनी विशीत या तारा जोडल्या, त्या पिढीने आज नव्वदीला हात टेकले आहेत. पुनर्बांधणी ‘कधीतरी’ करू म्हणणाऱ्यांनी हे वय मोजावे. लेख उरतो, पण कुठली तार किती ताणावी हे सांगणारा माणूस उरत नाही.

१६/ इथे एक वाद नेहमी उगवतो: ‘भारतातला पहिला संगणक कोणता?’ कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यावरच ब्रिटनहून आणलेला एचईसी-२एम बसवला गेला होता. टिफ्रॅक त्याच्या नंतरचा, पण इथे बांधलेला. भारतात चाललेला पहिला एक, भारतात घडवलेला दुसरा. दोन्ही विधाने खरी आहेत आणि दोन्ही एका ओळीत संपतात. ‘पहिला कोण’ यावर आपण तासन्तास भांडतो, पण ‘तो चालायचा कसा’ हे विचारले की गप्प होतो. आकलनाशिवायचा अभिमान हा मला या विषयातला खरा धोका वाटतो. चालते यंत्र समोर असले की प्रश्न आपोआप बदलतात.

१७/ आता आक्षेपांकडे. पहिला आक्षेप: ‘जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल सॉफ्टवेअरमध्ये होते, मग एवढा पसारा कशाला?’ अशी नक्कल उपयोगी आहे आणि ती सर्वप्रथम व्हायला हवी. पण ती यंत्राचे तर्कशास्त्र जपते, यंत्र जपत नाही. त्यात उष्णता नाही, जागेची अडचण नाही, बिघाड नाही. ऐतिहासिक माणसांनी जे निर्णय घेतले, ते बहुतांशी या तीन गोष्टींमुळेच घेतले. त्या वगळल्या तर निर्णय उरतात आणि कारणे हरवतात.

१८/ दुसरा आक्षेप अधिक गंभीर: ‘पुन्हा बांधलेले यंत्र अस्सल नसते, ते दाखवणे ही फसवणूक आहे.’ याचे उत्तर मोडीत शोधू. दफ्तरखान्यातला मोडी कागद अस्सल असतो. पण वाचणारा नसेल तर रुमालात बांधलेले ते काळे फराटे. त्याचे देवनागरी लिप्यंतर अस्सल नसते, तरी इतिहास बोलू लागतो तो त्यातूनच. अट एकच: लिप्यंतर करणाऱ्याने कुठे शब्द फाटला होता, कुठे अंदाज केला, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. पुनर्बांधणीलाही तीच अट हवी. मूळ भाग कोणता, नवा कोणता, अंदाजाने केलेला कोणता, हे प्रत्येक भागावर लिहिलेले असावे. लपवले तर फसवणूक. सांगितले तर अभ्यास.

१९/ तिसरा आक्षेप पैशाचा. २,७०० व्हॉल्व्ह एकदम उभे करा, असे मी म्हणत नाही. पूर्ण टिफ्रॅक हे टाटा संस्थेच्या आणि राष्ट्रीय विज्ञान संग्रहालयांच्या आवाक्यातले दीर्घ काम आहे. सुरुवात एका छोट्या भागाने व्हावी: ३२ शब्दांची फेराइट स्मृती आणि दोन आकड्यांची बेरीज करणारा व्हॉल्व्हचा एक विभाग. बेबीही ३२ ओळींचीच होती. आणि एक गंमत पाहा: यंत्र जितके जुने, तितके ते हाताने बांधणे सोपे. व्हॉल्व्ह काढून दुसरा लावता येतो. १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकने घडवलेला ‘परम ८०००’ उद्या बंद पडलेल्या अवस्थेत संग्रहालयात आला, तर त्यातली जळालेली चिप कुठल्याही कारागिराला हाताने घडवता येणार नाही.

२०/ ‘परम’चे नाव निघाले म्हणून नागपूर का, तेही सांगतो. ‘परम’ घडवणाऱ्या प्रकल्पाचे नेतृत्व करणारे विजय भटकर अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे. १९६५ साली त्यांनी अभियांत्रिकीची पदवी घेतली ती नागपूरच्या विश्वेश्वरय्या महाविद्यालयातून, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीतून. ही संस्था १९६०ची, टिफ्रॅकच्याच वर्षातली, आणि धरमपेठेहून हाकेच्या अंतरावर. गांधीसागराजवळ १९९२ सालापासून रमण विज्ञान केंद्र आहे. तिथे शाळांच्या सहली येतात. विद्यार्थी इथे आहेत, प्रयोगशाळा इथे आहेत, प्रेक्षक इथे आहेत. धरमपेठेत खोली घेऊन संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलांची तर वाणच नाही. त्यांना आज्ञावली लिहिता येते. एक बिट म्हणजे कुठली वस्तू असते, हे मात्र त्यांच्यापैकी फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिले असेल.

२१/ प्रात्यक्षिक कसे असावे, यावरही माझे मत आहे. बटण दाबले, दिवे लुकलुकले, टाळ्या वाजल्या, असा खेळ नको. आधी प्रेक्षकांतल्या चौघांना कागद-पेन्सिल देऊन एक वजाबाकी पायरीपायरीने करायला लावावी: एकाने आकडा सांभाळायचा, एकाने आज्ञा वाचायची, एकाने क्रिया करायची, एकाने उत्तर ताडायचे. मग तेच गणित यंत्राला द्यावे. यंत्र अडले तर पडदा न ओढता, का अडले ते सर्वांदेखत शोधावे. सिकदारांच्या काळातला ‘कॉम्प्युटर’ नावाचा माणूस आणि टिफ्रॅक नावाचे यंत्र यांच्यामधले अंतर त्या अर्ध्या तासात जितके कळेल, तितके दहा धाग्यांनीही कळणार नाही. माझाही हा धागा त्यात आलाच.

२२/ शेवटी तुमच्यासाठी काम. तुमच्या घरात किंवा शेजारी बँकेत, रेल्वेत, विमा कचेरीत, विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत छिद्रित पत्रिका, कागदी फिती, जुनी गणकयंत्रे हाताळलेली माणसे असतील. त्यांच्याकडे जा. फोनवर ध्वनिमुद्रण करा. ‘काय होते’ यापेक्षा ‘कसे करायचात’ हे विचारा. माळ्यावरच्या ट्रंकेत एखादी माहितीपुस्तिका, आकृती किंवा फीत सापडली तर ती रद्दीत घालू नका. तारीख आणि नाव लिहून ठेवा, छायाचित्र काढा, जवळच्या संग्रहालयाला कळवा. एडसॅकची १९ रेखाचित्रे अशीच एका घरात थांबली होती. टिफ्रॅकचा एखादा कागदही कुणाच्या तरी घरात असाच थांबलेला असू शकतो.

#संगणकाचा_इतिहास #टिफ्रॅक #नागपूर #इतिहासाचे_धागे